व्हॉल्व्ह बदलावा की नुसता पुसावा?

आंब्याच्या दिवसांत चार माणसे एकत्र जमली, की देवगडचा हापूस खरा की रत्नागिरीचा, ह्यावर जसा वाद जुंपतो, तसाच वाद हल्ली मी एका वेगळ्याच फळावरून जुंपताना पाहतो. हे फळ काचेचे असते, बोटाएवढे असते, त्याच्या बुडाला नऊ सुया असतात आणि ते पेटले म्हणजे आत मंद नारिंगी उजेड दिसतो. "टेलिफंकनची सर दुसऱ्या कशाला नाही," असे एकजण ठासून सांगतो. "छे हो! त्या जर्मन आवाजात कोरडेपणा फार. गोडवा हवा तर मलार्डच घ्यावा," असे दुसरा म्हणतो. तिसरा आतापर्यंत चहा फुंकत बसलेला असतो, तो हळूच म्हणतो, "आपला बंगलोरचा बी.ई.एल. ऐकलात का कधी?" मग जे सुरू होते ते जेवणाची वेळ टळली तरी संपत नाही. आंबा निदान खाऊन तरी संपतो.

ही मंडळी ज्याच्याविषयी बोलतात तो म्हणजे रेडिओचा व्हॉल्व्ह. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचा मोठा रेडिओ होता, त्यांना तो आठवत असेल. बटण फिरवले की रेडिओ लगेच बोलत नसे. आधी आत उजेड येई, मग अर्ध्या मिनिटाने दुरून कोणी चालत यावे तसा आवाज येई. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला गीतरामायण लागत असे, तेव्हा सूज्ञ माणसे वेळेच्या आधीच रेडिओ लावून ठेवीत, त्याचे कारण हेच. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ही काचेची बिऱ्हाडे घराघरांतून उठली. गेल्या काही वर्षांत मात्र एल.पी. तबकड्या पुन्हा छापल्या जाऊ लागल्या, माळ्यावरचे रेकॉर्ड-प्लेअर खाली आले, आणि त्यांच्यामागोमाग व्हॉल्व्हही परत आले. ते आता रेडिओत नसतात. हौशी लोकांच्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये असतात.

माझ्याकडेही एक असा प्रीॲम्प्लिफायर आहे. त्यामुळे 'कोणता व्हॉल्व्ह घालू?' हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी काही इंजिनिअर नव्हे. पण वीसएक वर्षे हे काचेचे फळ काढण्या-घालण्यात गेल्यामुळे काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. त्यांतली सर्वांत पक्की गोष्ट आधीच सांगून टाकतो. व्हॉल्व्हवर लिहिलेल्या नावापेक्षा तो कोणत्या जागी बसतो हे शंभरपट महत्त्वाचे आहे. हे ज्याला समजले त्याचे पैसे वाचले.

आता जागा म्हणजे काय, ते पाहू. रेकॉर्डवरून सुई फिरते तेव्हा पिकअपमधून जी वीज निघते ती अगदीच इवलीशी असते. एका व्होल्टचे हजार भाग करा आणि त्यांतले पाचच घ्या, इतकी. एवढ्याशा विजेने स्पीकर काय, मुंगीचा कानही हलायचा नाही. ती शंभरपट वाढवून अर्ध्या व्होल्टपर्यंत नेणे हे प्रीॲम्प्लिफायरचे पहिले काम. दुसरे काम याहून नाजूक आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबलेला आणि तारसप्तकाचा मुद्दाम चढवलेला असतो. खर्ज तसाच कापला तर रेघा इतक्या नागमोडी होतील, की एक दुसरीत शिरेल. हे दाबणे-चढवणे किती करायचे, याचा एक नियम १९५४ साली अमेरिकेत ठरला आणि पुढे जगभर तोच चालू झाला. वाजवताना याच्या बरोबर उलटे करावे लागते. खर्ज वर, तार खाली. आता यातली मेख लक्षात घ्या. आपल्या घरातल्या विजेचा स्वभाव सेकंदाला ५० हेलकाव्यांचा. म्हणजे तिची गुणगुण ऐन खर्जात पडते. मधल्या सुरांच्या मानाने हा खर्ज प्रीॲम्प्लिफायर सुमारे सातपट वर उचलतो. म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हने थोडीशी जरी गुणगुण आत घेतली, तरी ती आधी सातपट चढते आणि मग पुढची सगळी यंत्रणा तिला आणखी मोठी करते. घरातल्या थोरल्या मुलाची सवय धाकट्यांत उतरावी, तसे हे आहे.

माझ्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये तीन व्हॉल्व्ह आहेत. पहिला डाव्या बाजूच्या रेकॉर्डच्या आवाजासाठी, दुसरा उजव्या बाजूच्या, आणि तिसरा शेवटचा, दोन्ही बाजूंचा वाढवलेला आवाज पुढच्या ॲम्प्लिफायरकडे ढकलून देणारा. पहिले दोन ईसीसी८३ जातीचे, तिसरा ईसीसी८२. नामांकित यंत्रांतही अशीच मांडणी थोड्याफार फरकाने दिसते. १९५८ सालचा अमेरिकन मारांट्झ ७ घ्या. त्यात सहाही व्हॉल्व्ह ईसीसी८३ जातीचे. १९५९ सालच्या इंग्लिश क्वाड २२ मध्ये ते दोन आणि सोबतीला ईएफ८६ जातीचे दोन. ही ईसीसी८३ जात अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीने १९४७-४८च्या सुमारास '१२एएक्स७' या नावाने आणली. गंमत पाहा, ज्याने व्हॉल्व्हची गादी घेतली तो ट्रान्झिस्टरही १९४७च्या डिसेंबरातलाच. ज्याचा काळ संपत आला म्हणून सांगितले गेले, तो व्हॉल्व्ह आजही कारखान्यांतून नवा निघतो आहे.

या आकडेमोडीला वाचकांनी भिऊ नये. तिच्यात अर्थ आहे. युरोपच्या पद्धतीत 'ई' म्हणजे आतली तार ६.३ व्होल्टवर तापते. 'सी' म्हणजे ट्रायोड, तो दोनदा आला म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, जुळ्या भावंडांसारखे. '८' म्हणजे नऊ सुयांची बैठक. उरलेला आकडा नुसता अनुक्रम. अमेरिकन पद्धतीत पहिला आकडाच तापण्याचे व्होल्ट सांगतो; म्हणून तोच व्हॉल्व्ह तिकडे '१२'ने सुरू होतो. तापणाऱ्या तारेला मधोमध फाटा असल्यामुळे तो ६.३वरही चालतो आणि १२.६वरही.

आणि ट्रायोड म्हणजे काय? व्हॉल्व्ह या शब्दाचा साधा अर्थ झडप. इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ साली अशी नळी केली, की जिच्यातून वीज एकाच दिशेने जाई. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तिच्यात एक बारीक जाळी बसवली आणि सगळे जग बदलले. तापलेल्या नळकांड्यातून इलेक्ट्रॉन निघून पलीकडच्या पत्र्याकडे धावतात, वाटेत ही जाळी असते. जाळीवर किंचित वीज कमी-जास्त केली, की पत्र्यापर्यंत पोचणाऱ्या प्रवाहात मोठा चढउतार होतो. पाटाच्या पाण्याला बारक्या फळीने आडवावे तसे. फळी हलवायला बोटाचा जोर पुरतो, हलते ते सारे पाणी. ईसीसी८३चा गुणक १००, ईसीसी८१चा ६०, ईसीसी८२चा १७च्या आसपास. तिघांच्या सुया सारख्याच जोडलेल्या असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसतो आणि पेटतोही. पण शंभराच्या जागी सतरा बसवला, तर आवाज बसणारच. नुसता बसणार नाही, बिघडणार. कारण व्हॉल्व्हचा आतला अडथळा हा त्या खर्ज-तार सांभाळणाऱ्या जोडणीचाच एक भाग असतो. तो बदलला की सुरांचे माप बदलते. पुष्कळदा लोक "अहाहा, काय उबदार आवाज आला!" म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात वरचे सूर थोडे खाली आलेले असतात, एवढेच.

इथे एक धोक्याची सूचना. बैठकीत व्हॉल्व्ह बसला म्हणजे तो तिथला झाला, असे समजू नये. ईसीसी८८ नावाचा एक व्हॉल्व्ह दिसायला सख्खा भाऊ, सुया नऊच. पण त्याच्या तापणाऱ्या तारेची जोडणी निराळी आहे. ज्या यंत्रात १२.६ व्होल्ट दिलेले असतील तिथे तो दुप्पट तापून जळेल, आणि जिथे ६.३ असतील तिथे पेटणारच नाही. रशियन '६एन२पी'चीही गोष्ट हीच. तो गुणकाने ईसीसी८३च्या तोडीचा आहे आणि स्वस्तही मिळतो, म्हणून लोक मोहात पडतात. '१२बीएच७' हा ईसीसी८२च्या जागी बेलाशक बसतो, पण तापायला दुप्पट प्रवाह मागतो. सोसेल की नाही हे घरच्या ट्रान्सफॉर्मरला विचारावे. तो बोलत नाही, नुसता जळतो. ज्याला यातले कळत नाही त्याने यंत्राच्या आत जो आकडा छापला असेल तोच आकडा विकत घ्यावा, हे उत्तम. सूट द्यायचीच तर '५७५१'ला द्यावी. त्याचा गुणक ७०च्या आसपास आहे, खरखर कमी असते आणि तापायला किंचितच जास्त प्रवाह घेतो.

आता आमच्या इमारतीतल्या नानांची गोष्ट सांगतो, कारण प्रश्न पैशांचा होता आणि त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. नाना निवृत्त गृहस्थ. पगाराच्या दिवशी एक एल.पी. घ्यायची, असे करीत करीत त्यांनी तीनशेच्या वर जमवल्या. भीमसेनअण्णा आहेत, किशोरीताईंचा भूप आहे, वसंतराव आहेत, नाट्यगीते तर किती. प्रीॲम्प्लिफायर माझ्यासारखाच, एकाच कारागिराच्या हातचा. एके दिवशी जिन्यात भेटले तर चेहरा उतरलेला. म्हणाले, "अहो, डाव्या बाजूने कढईत मोहरी टाकल्यासारखे तडतडते. दीड वर्ष झाले, मी लावणेच सोडून दिले."

"कोणाला दाखवलेत का, नाना?"

"दाखवले ना. दुकानदार म्हणाला, तिन्ही व्हॉल्व्ह गेले. नवे नकोत, जुने जर्मनच घाला, नाहीतर आवाज जाईल. आकडा ऐकला आणि खाली बसलो. माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त."

मी म्हटले, "घेऊ नका एवढ्यात. आधी डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे करून पाहू. त्याला पैसे पडत नाहीत."

या युक्तीइतकी उपयोगी युक्ती या सगळ्या विद्येत दुसरी नाही, म्हणून ती नीट सांगतो. दोन्ही बाजूंना एकाच जातीचा व्हॉल्व्ह असेल, तर त्यांची अदलाबदल करायची. तडतड डावीकडून उजवीकडे गेली, तर दोष व्हॉल्व्हचा; तो चालत गेला. तडतड होती तिथेच राहिली, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे आणि चोर दुसरीकडे आहे. बैठकीत, जोडणीत, तारेत, कदाचित पिकअपमध्ये. दोन्ही बाजूंना सारखीच तडतड असेल, तर शेवटच्या सामाईक व्हॉल्व्हकडे किंवा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवावे. न्यायाधीशाने साक्षी उलटसुलट तपासाव्यात, तसा हा प्रकार आहे, फक्त इथे निकाल दहा मिनिटांत लागतो.

नानांकडे अदलाबदल केली. तडतड डावीकडेच राहिली. मग लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने डाव्या व्हॉल्व्हला हलकेच कलवले, तर मोहरीची फोडणी एकदम जोरात. म्हणजे बैठकीच्या खाचांत मळ होता. पुण्या-मुंबईच्या पावसाळी हवेत सुयांवर आणि खाचांवर काळपट थर धरतो. वीज मग धड पोचत नाही, ठेचकाळत जाते. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, दोन्ही व्हॉल्व्ह काढले. विजेच्या जोडण्या साफ करायचे द्रव्य फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते खाचांत थोडे सोडले, सुया जुन्या टूथब्रशने घासल्या, आणि व्हॉल्व्ह चार-पाच वेळा आत-बाहेर केला, की घासूनच खाच उजळते. पूर्ण वाळू दिले. एका डब्याचा खर्च, तोही अर्धा अजून शिल्लक आहे. त्या रात्री अकरापर्यंत नानांच्या घरातून मारवा ऐकू येत होता. वरच्या मजल्यावरून तक्रार आली नाही, यावरून इमारतीचीही करमणूक होत असावी.

म्हणजे व्हॉल्व्ह कधीच बदलावा लागत नाही का? लागतो. चांगल्या वागवलेल्या छोट्या व्हॉल्व्हचे आयुष्य पाच ते दहा हजार तास धरावे. रोज दोन तास ऐकणाऱ्याला दहा हजार तास पुरे व्हायला तेरा-चौदा वर्षे लागतात. पण त्याआधीही खोडी जडतात. सुईखाली काही नसताना धबधब्यासारखी सळसळ, एकसारखी खरखर, एका बाजूचा आवाज हळूहळू मंदावणे. आणखी एक खोड म्हणजे घुमणे. चालू यंत्रातल्या व्हॉल्व्हला पेन्सिलीने टिचकी मारली, की स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखा नाद येतो. आतली जाळी सैल झालेली असते. थोडासा नाद सगळेच देतात. पण वाजतच राहिला, तर पहिल्या जागेसाठी तो व्हॉल्व्ह निरुपयोगी. तोच शेवटच्या जागी मात्र निमूट काम करतो, कारण त्याच्यापुढे मोठे करणारे फारसे कोणी नसते. घरात मोठ्याने घोरणाऱ्या पाहुण्याला माजघरात न झोपवता गच्चीवर झोपवतात, त्यातलेच हे.

आता मुख्य प्रश्न. सगळे व्हॉल्व्ह धडधाकट असतील, तर निरनिराळ्या कारखान्यांच्या आवाजात फरक असतो का? याचा निकाल लावण्यासाठी आम्ही घरी एक खटाटोप केला. माझ्याजवळ स्लोव्हाकियातल्या चाड्झा गावच्या जे.जे. कारखान्याची नवी जोडी होती आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सची जुनी. १९५४ साली संरक्षण खात्याने बंगलोरला काढलेल्या या कारखान्यात १९६०च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह होऊ लागले. ते अजून कुठे-कुठे न वापरलेले सापडतात. ऐकणार सौ.; तिचे कान माझ्याहून तिखट आहेत आणि व्हॉल्व्हच्या नावांशी तिला काहीही कर्तव्य नाही. बदलणार मुलगा, वर्तमानपत्राच्या आडोशाने. कधी तो खरोखर बदलायचा, कधी नुसते काढून तेच परत घालायचा.

पहिली अट मी घातली ती आवाजाच्या पातळीची. दोन व्हॉल्व्ह कधीच नेमके सारखे वाढवत नाहीत, आणि माणसाच्या कानाची खोड अशी, की किंचित मोठा आवाज त्याला 'अधिक मोकळा, अधिक भरदार' वाटतो. मोठा आहे हे कळत नाही, चांगला आहे असेच वाटते. दुकानातल्या निम्म्या चमत्कारांचे मूळ इथे आहे. म्हणून चाचणीच्या रेकॉर्डवरचा एकच स्थिर सूर लावून, मीटरने मोजून, दर वेळी आवाजाचे बटण जुळवून घेतले. ऐकायला निवडला तो आलापाआधीचा तंबोरा. तंबोऱ्यात लपायला जागा नसते. जवारीचा प्रत्येक धागा वेगळा ऐकू यावा लागतो, आणि मागची सळसळही उघडी पडते.

चार रविवार लागले. रेकॉर्डच्या जागेवरच्या जोडीच्या बारा फेऱ्यांत सौ.ने दहा वेळा बरोबर ओळखले. शेवटच्या जागेवर दोन ईसीसी८२ आलटून-पालटून बारा फेऱ्या केल्या, त्यांत सहा वेळा बरोबर. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. ही एका घरातली, एका कानाची साक्ष आहे, आणि मी तिला यापेक्षा मोठे करीत नाही. पण तिच्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पिकअपला पुढे किती विजेची साठवण दिसते, यावर त्याचे अगदी वरचे सूर ठरतात. ही साठवण पिकोफॅरड नावाच्या बारक्या मापाने मोजतात, आणि पिकअपला एकूण दीडशे ते तीनशे लागते. ईसीसी८३च्या जाळी आणि पत्र्यामध्ये जेमतेम १.६ पिकोफॅरड असते. पण व्हॉल्व्ह साठपट वाढवत असेल, तर पिकअपला ते शंभराच्या घरात गेलेले दिसते. म्हणजे पहिला व्हॉल्व्ह हा पिकअपच्या ताटातला मोठा वाटेकरी. तो थोडा बदलला, की तंबोऱ्याची जवारी बदलणारच. शेवटच्या व्हॉल्व्हसमोर असले काही नाजूक नसते. सौ.ला कोणती जोडी आवडली, असे विचाराल तर, बंगलोरची. पण ती म्हणाली, "फरक आहे. पण तो सुई बदलली होती तेव्हाच्या फरकाच्या पासंगालाही पुरणार नाही."

म्हणून माझा सल्ला असा, की पैसे खर्चायचेच असतील तर पहिल्या जागेवर खर्चावेत, आणि तेही आवाजाच्या गोडव्याच्या नावाने नव्हे, शांततेच्या नावाने. विकणाऱ्याला 'कमी खरखरीचा, न घुमणारा, दोन्ही अर्धे जुळलेला' व्हॉल्व्ह मागावा. शेवटच्या जागी कोणताही निरोगी नवा चालेल.

जुने व्हॉल्व्ह घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, आणि गल्लीबोळांत टिकून असलेले रेडिओ-दुरुस्तीवाले आहेत. या वाटेने जाणाऱ्याने काच डोळ्यांजवळ धरावी. डोक्याकडे आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. उरलीसुरली हवा खाऊन टाकण्यासाठी तो मुद्दाम दिलेला असतो. तो पांढरा, दुधाळ झाला असेल, तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. नाव कोणाचे आहे यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरतात, हे तुम्ही-आम्ही पाहिलेलेच आहे. इथेही रंगाने नाव छापायला कितीसा वेळ लागतो? गंमत म्हणजे पूर्वी हे राजरोसही चाले. मलार्ड ही फिलिप्सच्याच घरातली, आणि एकाचा माल दुसऱ्याच्या छापाने विकला जाई. आज रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यातून निघणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवरही 'मलार्ड' हे नाव असते. ते नाव न्यूयॉर्कच्या एका कंपनीने घेतले आहे. माल वाईट नाही, पण तो इंग्लंडचा नव्हे. २०२२ साली रशियातून निर्यात अडली, तेव्हा जगभर व्हॉल्व्हचे भाव चढले होते.

खऱ्या जुन्या मलार्डच्या काचेवर, खाली बुडाशी, दोन ओळींची फिकट राखाडी खूण कोरलेली असते. पहिल्या ओळीत 'आय६१' किंवा 'आय६३' असेल तर तो ईसीसी८३. दुसरीत समजा 'बी३के२' आहे: बी म्हणजे लँकेशरमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ३ हा सालाचा शेवटचा आकडा, के म्हणजे अकरावा महिना, २ म्हणजे दुसरा आठवडा. १९६३ की १९७३, हे खूण सांगत नाही; तेवढे आतल्या बांधणीवरून ओळखावे लागते. जुन्या टेलिफंकनच्या बुडाला सुयांच्या मधोमध काचेतच एक चौकटीच्या आकाराची खूण उठवलेली असते. छापलेले नाव आहे आणि ही खूण नाही, तर त्या नावाचे पैसे देऊ नयेत. हे सगळे खरे निघाले तरी नव्या व्हॉल्व्हच्या दहापट दाम देण्याइतका आनंद त्यात आहे का, हे ज्याने-त्याने आपला खिसा चाचपून ठरवावे. मला नाही वाटला.

काढण्या-घालण्याची रीत मात्र सर्वांनी पाळावी, कारण इथे नुसता आवाजाचा प्रश्न नाही. या पेटीत अडीचशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ दबा धरून बसतात. आधी बटण बंद, मग प्लग भिंतीतून बाहेर, मग निदान अर्धा तास थांबणे. व्हॉल्व्ह वरून निघत असेल तर खालची झाकणे उघडण्याच्या फंदात पडू नये. मुलांना लांब ठेवावे. काढताना सरळ वर ओढावा, फार तर इंचाच्या आठव्या भागाइतका गोल-गोल हलवत. आडवा दाबला तर बुडाची काच तडकते. घालताना सुयांमधली मोठी फट बैठकीच्या मोठ्या फटीसमोर आणावी. सुई वाकडी असेल तर आधी हलक्या हाताने सरळ करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसकट वहीत लिहावा. नाहीतर आवाज सुधारला कशाने आणि बिघडला कशाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

काचेला बोट लागले तर व्हॉल्व्ह फुटतो, असे एक भय पसरलेले आहे. ते मोटारीच्या हॅलोजन दिव्याचे. या छोट्या व्हॉल्व्हची काच तितकी तापत नाही. बोटाने बिघडते ते वरचे छापील नाव. जुनी शाई कच्ची असते. दिवाळीच्या साफसफाईत एखाद्या घरी सूनबाई ओल्या फडक्याने व्हॉल्व्ह लख्ख पुसून ठेवते आणि सासऱ्यांचे 'टेलिफंकन' फडक्यावर उतरते. म्हणून धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झटकावी. नाव गेलेला व्हॉल्व्ह वाजतो पूर्वीसारखाच, पण विकायला नेला तर कमी भावाने जातो. मी बुडाची चौकट पाहून तसले दोन घेऊन ठेवले आहेत. एक नानांच्या नावाने, एक माझ्या.